माथेरान: डोंगर, आडनावे आणि पावणेदोनशे वर्षांची वाटचाल

१८५० सालच्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांचा तळ चौक गावी पडला होता. आज चौक खालापूर तालुक्यात आणि रायगड जिल्ह्यात आहे. त्या काळी कर्जत-खालापूरचा हा पट्टा ठाणे जिल्ह्यात मोडत असे. गावाच्या डोक्यावर उभ्या असलेल्या डोंगराचा माथा पाहावा म्हणून मॅलेट ‘वन ट्री हिल’ म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या अंगाने वर चढले आणि रामबागेच्या बाजूने खाली उतरले. वर दाट झाडी, तांबडी माती, वारा आणि पाणी होते. त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर ते पुन्हा आले, राहिले, आणि नेरळच्या बाजूने वाट करून घेण्याच्या कामाला लागले. माथेरान या गिरिस्थानाची नोंदलेली सुरुवात येथून होते.

नोंदलेली म्हणायचे कारण एवढेच की, मॅलेट चढले ती पायवाट आधीपासूनच रुळलेली होती. धनगर, ठाकर आणि कातकरी या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते. पिसरनाथ हे येथील ग्रामदैवत. परंतु सरकारी कागदावर डोंगर आला तो मॅलेट यांच्या नावाने, आणि त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत या माथ्यावरचे झरे, तलाव, कडे आणि वाटा इंग्रजी नावांनी भरून गेल्या. मॅलेट स्प्रिंग, हॅरिसन स्प्रिंग, सिम्प्सन टँक, हार्ट पॉइंट. दर शनिवार-रविवारी हजारो पर्यटक ही नावे उच्चारतात. या नावांमागची माणसे कोण होती हे काही ठिकाणी ठाऊक असते, काही ठिकाणी नसते. मात्र त्या आडनावांना स्वतःचा इतिहास आहे, आणि तो माथेरानच्या वाटचालीपासून वेगळा काढता येत नाही.

मॅलेट हे आडनाव नॉर्मन. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले तेव्हा हेस्टिंग्जच्या रणात त्याच्याबरोबर जे सरदार नक्की होते असे पुराव्यानिशी सांगता येते, त्या मोजक्या नावांत विल्यम मॅलेट हे एक आहे. आडनावाचा अर्थ काय याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. कोणी ते ‘शापित’ अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दाकडे नेतात, कोणी संत मालो यांच्या नावाकडे, तर कोणी हातोड्याकडे. मधले पॉइंट्झ हेही मुळात एक जुने नॉर्मन आडनावच. म्हणजे चौकच्या तळावर उतरलेल्या या कलेक्टरच्या नावात विजेत्यांची दोन घराणी एकत्र आली होती.

मराठी मुलखाला मात्र हे आडनाव १८५० मध्ये नवे नव्हते. ह्यू यांचे वडील सर चार्ल्स वॉर मॅलेट हे १७८६ पासून सुमारे दहा-अकरा वर्षे पुण्यात पेशव्यांच्या दरबारी ईस्ट इंडिया कंपनीचे वकील होते. टिपूविरुद्धचा १७९० चा तह त्यांच्याच कारकिर्दीतला, आणि त्यांच्यासमोर बसणारा मुत्सद्दी म्हणजे नाना फडणवीस. नानांचे मूळ आडनाव भानू. फडणवीस हे दप्तराचे पद, ते त्यांच्या घराण्याला कायमचे चिकटले. बोरघाटाच्या पायथ्याशी, खोपोलीत, नानांनी बांधलेला तलाव आणि वीरेश्वराचे मंदिर आजही उभे आहे. पुण्याच्या दरबारात समोरासमोर बसलेल्या या दोन पुरुषांच्या आठवणी कर्जत-खालापूरच्या मातीत अशा शेजारी शेजारी आल्या: नानांची खोपोलीच्या पाण्यात आणि मॅलेट घराण्याची माथेरानच्या झऱ्यात.

माथेरानला गिरिस्थानाचे रूप दिले ते लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन यांनी. १८५३ ते १८६० या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते. पेशवाईनंतर या प्रांताची घडी बसवणारे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे त्यांचे चुलते. गव्हर्नरांनी डोंगर पाहिला, रस्त्यांची आखणी करवली, बंगल्यांना जागा नेमून दिल्या. त्यांच्या आश्रयामुळे मुंबईतले अधिकारी आणि व्यापारी येथे बंगले बांधू लागले. नशीबही बरोबर होते. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू झाली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली आणि १८५६ मध्ये नेरळ-कर्जतच्या बाजूने पळसदरी-खोपोलीपर्यंत आली. मुंबईहून सकाळी निघालेला माणूस नेरळला उतरून तट्टावर किंवा डोलीत बसून त्याच दिवशी माथा गाठू लागला. महाबळेश्वरला जायला त्या काळी किती दिवस मोडत हे लक्षात घेतले, की माथेरानची भरभराट एवढ्या लवकर कशी झाली ते कळते.

एल्फिन्स्टन हे आडनाव ऐकायला भारदस्त वाटते. ते मूळचे एका गावाचे. स्कॉटलंडच्या पूर्व लोदियन भागात एल्फिन्स्टन नावाचे गाव आहे, त्या जमिनीवरून घराण्याचे नाव पडले. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. कर्जतकर, नेरळकर, पेणकर ही आडनावे त्याच रीतीने झाली. याच जिल्ह्यातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने तर किनाऱ्यावरची आणि आतली गावे आपल्या आडनावांत अक्षरशः जपून ठेवली आहेत: किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, दिव्याचे दिवेकर, आपट्याचे आपटेकर. या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर हे त्यांतलेच. गाव सुटले, कोणी मुंबईला गेले, कोणी इस्रायलला गेले, तरी गावाचे नाव माणसाबरोबर गेले.

इंग्लंडात ही रीत कशी रुजली ते येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. नॉर्मन येण्यापूर्वी तेथील सामान्य माणसाला बहुधा एकच नाव असे. जमीन वारशाने घेणाऱ्या नॉर्मन सरदारांना आपण कोणत्या इस्टेटीचे, हे सांगण्याची गरज पडली आणि आडनावाची चाल वरून खाली झिरपत गेली. सुमारे १४०० पर्यंत बहुतेक इंग्रज कुटुंबांना वंशपरंपरेचे आडनाव मिळाले होते. १५३८ मध्ये टॉमस क्रॉमवेलच्या हुकुमाने प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायला सुरुवात केली, आणि वहीत एकदा चढलेले आडनाव सहसा बदलेनासे झाले. कर्जतच्या डोंगराळ गावांत हेच काम पुढे जमीनमोजणीने, शाळेच्या दाखल्याने आणि सात-बाराने केले.

माथेरानला माणसे येऊ लागली होती, परंतु खाली बोरघाटात जे चालले होते त्यावाचून कर्जत-खालापूरच्या त्या दशकाचे वर्णन अपुरे राहील. खोपोलीला रेल्वे थांबली होती. खोपोली ते खंडाळा हा चढ प्रवाशांनी पालखीत किंवा बैलगाडीतून काटायचा आणि वर पुन्हा गाडी धरायची. घाटात लोहमार्ग घालण्याचे काम १८५६ मध्ये सुरू झाले. सुमारे २५ किलोमीटरची ही चढण, त्यात २५ बोगदे, आणि एकूण उंची १,८३१ फूट. आखणी जेम्स जॉन बर्कली या मुख्य अभियंत्याची. बर्कली म्हणजे भूर्जवृक्षांच्या रानातील मोकळी जागा. ग्लॉस्टरशायरमधील गावावरून आलेले हे आणखी एक ग्रामनाम. आयुष्यभर दगड फोडण्याचे बेत आखणाऱ्या या माणसाला घाटातून धावणारी गाडी पाहायला मिळाली नाही. प्रकृती ढासळल्यामुळे ते इंग्लंडला परतले आणि १८६२ मध्ये वारले.

पहिले कंत्राट विल्यम फ्रेडरिक फॅविएल यांचे. हे आडनाव पिंगट रंगाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून, बहुधा केसांच्या किंवा वर्णाच्या रंगावरून पडलेल्या टोपणनावातून आले असे मानतात. काम कठीण होते, पावसाळ्यात ते बंद पडे, आणि मजुरीच्या थकबाकीवरून जानेवारी १८५९ मध्ये घाटात मजुरांचा मोठा दंगा झाला. त्याच वर्षी फॅविएल यांनी कंत्राट सोडले. पुढचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ च्या उत्तरार्धात मुंबईत उतरले आणि काही आठवड्यांतच आजाराने दगावले. त्यांची विधवा अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट सोडले नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या अनुभवी व्यवस्थापकांच्या हाती काम देऊन त्यांनी ते शेवटास नेले. घाटाच्या कामाची छायाचित्रेही त्यांनी टिपली. त्या काळात, परक्या मुलखात, वैधव्य आल्यावर एका बाईने एवढ्या मोठ्या कामाची जबाबदारी अंगावर घ्यावी, ही गोष्ट आजही पुरेशी सांगितली जात नाही. ट्रेडवेल या आडनावाचा अर्थ ‘नीट तुडवणारा’. लोकरीचे कापड पाण्यात पायाने तुडवून घट्ट करणाऱ्या कारागिराला ते टोपणनाव पडत असे. अ‍ॅडमसन म्हणजे अ‍ॅडमचा मुलगा.

ऐन भरात या घाटात ४० हजारांवर मजूर होते. दोरावर लोंबकळत कड्याला सुरुंगाची भोके पाडणारे, टोपल्यांनी दगड वाहणारे, पावसाळ्यात पटकीने झोपड्यांतच मेलेले हे लोक दख्खनच्या आणि कोकणच्या गावांतून आले होते. घाटातल्या एकाही बोगद्याला त्यांच्यापैकी कोणाचे आडनाव नाही. १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला झाला. फ्रिअर या आडनावाचा मूळ अर्थ ‘भाऊ’, धर्मसंघातला बंधू अशा अर्थी.

घाट खुला झाल्यावर नेरळ हे मुंबई-पुणे मार्गावरचे ठाणे झाले आणि माथेरानला दोन्हीकडची माणसे येऊ लागली. डोंगरावर पाण्याची सोय करणे ही पुढची निकड होती. झरे बांधून काढले गेले, शार्लोट तलावाचे पाणी अडवले गेले, टाकी झाली. हॅरिसन आणि सिम्प्सन ही दोन आडनावे पाण्याशी जोडली गेली ती अशी. हॅरिसन म्हणजे हॅरीचा मुलगा, सिम्प्सन म्हणजे सिमचा, अर्थात सायमनचा. मराठी माणसाच्या नावात वडिलांचे नाव मधे येते आणि दर पिढीला बदलते. इंग्रजांनी कोणा एका पूर्वजाचे नाव धरले आणि ते कायमचे गोठवून टाकले. पाचशे वर्षांपूर्वीच्या कुणा हॅरीचे नाव अशा रीतीने माथेरानच्या एका झऱ्याला लागले. हार्ट म्हणजे नर हरिण. चपळ माणसाला पडलेले टोपणनाव.

१८७१ मध्ये डॉ. जे. वाय. स्मिथ यांचे माथेरानवरचे पुस्तक एडिंबरोहून प्रसिद्ध झाले. डोंगरावरची माणसे, वनस्पती आणि प्राणी हे त्याचे तीन विषय, आणि शीर्षकात माणसांना पहिले स्थान आहे ही दखल घेण्याजोगी गोष्ट. स्मिथ हे इंग्लंडातले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव. अर्थ सरळ आहे: धातू घडवणारा, आपल्याकडचा लोहार.

डॉ. स्मिथ यांना जी माणसे येथे दिसली, त्यांच्याही आडनावांकडे त्याच आदराने पाहिले पाहिजे. कर्जत-खालापूरच्या ठाकरांत पारधी, वाघ, मेंगाळ, उघडा, आगिवले ही आडनावे आहेत. कातकऱ्यांत वाघमारे, मुकणे, हिलम, पवार. डोंगरातल्या धनगरांत आखाडे, ढेबे, कोकरे. वाघ आणि कोकरे यांत जनावर आहे, पारधी आणि वाघमारे यांत काम आहे, आगरी आणि मराठा घरांतल्या पाटील-देशमुखांत पद आहे. इंग्रजी आडनावांचे कोश करणाऱ्यांनी जे वर्ग पाडले, गाव, धंदा, बाप आणि टोपणनाव, ते सगळे या दोन तालुक्यांच्या मतदारयादीत सापडतात. पी. एच. रीनी यांनी १९५८ मध्ये ब्रिटिश आडनावांचा कोश प्रसिद्ध केला. २०१६ मध्ये ऑक्सफर्डने ४५ हजारांवर आडनावांचा महाकोश काढला. ठाकर-कातकऱ्यांच्या आडनावांवर तेवढ्या चिकाटीने काम व्हावे, अशी त्यांची योग्यता आहे. मुंबईच्या साहेबाची डोली ज्यांच्या खांद्यावरून चढली, ज्यांनी पाणी, लाकूड, दूध आणि मध वर पोहोचवला, बंगल्यांचे चिरे वाहिले, त्यांच्यावाचून माथेरान उभेच राहिले नसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे पारशी, बोहरी, गुजराती शेटिये डोंगरावर आले, बंगले घेतले, आणि येथील संस्थांना हात दिला. बैरामजी जीजीभाई यांच्या नावाचे रुग्णालय या काळाची खूण. पारशांची आडनावे हा इंग्रजी आडनावांच्या कहाणीतला एक देखणा अध्याय आहे. इंग्लंडात क्लार्क, स्मिथ, टेलर ही आडनावे धंद्यावरून पडली तेव्हा त्यांचा अर्थ सर्वांना कळत होता. पुढे तो विसरला गेला. मुंबईत एकोणिसाव्या शतकात तेच पुन्हा घडले, या वेळी इंग्रजी शब्द घेऊन आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर. कंत्राटे घेणारा कॉन्ट्रॅक्टर झाला, यंत्रे जाणणारा इंजिनिअर झाला, पलटणीचा पगार वाटणारा पेमास्टर झाला, आणि रोकड पैशाला कधी कमी न पडणाऱ्या कावसजी जहांगीर यांच्या घराण्याला तर त्याआधीच रेडीमनी हेच आडनाव पडले होते. माथेरानचे पेमास्टर पार्क हे अशाच एका आडनावाचे. इंग्रजी भाषेतले, पण इंग्लंडात न जन्मलेले आडनाव डोंगराच्या नकाशावर आले ते येथे.

१८९१ मध्ये कर्जत तालुका ठाण्यातून कुलाबा जिल्ह्यात गेला. १९०५ मध्ये माथेरानची नगरपालिका स्थापन झाली. पावसाळ्यात जवळजवळ ओस पडणाऱ्या गावाला नगरपालिका मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. पाणी, दिवाबत्ती, रस्त्यांची तांबडी माती दरवर्षी पुन्हा बसवणे, आणि येणाऱ्या पाहुण्यांकडून कर घेऊन त्यावर वर्षाचा संसार चालवणे, हे काम ही संस्था १२० वर्षे करीत आली आहे. मुंबईजवळचा हा डोंगर बांधकामाच्या दबावाखालीही हिरवा राहिला, याचे श्रेय निसर्गाइतकेच या शिस्तीला द्यावे लागते.

नगरपालिका झाली त्याच सुमारास रेल्वे चढत होती. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांना नेरळहून वर जाताना झालेल्या त्रासातून या मार्गाची कल्पना सुचली. वडील सर आदमजी पीरभॉय यांनी भांडवल दिले. १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि १९०७ च्या मार्चमध्ये पहिली गाडी धावली. खर्च सुमारे १६ लाख रुपये. रुळांतले अंतर दोन फूट, लांबी सुमारे २० किलोमीटर, चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट, आणि साऱ्या वाटेवर एकच बोगदा. डोंगराला वळसे घालत नागमोडी नेल्यामुळे बोगद्यांचा खर्च वाचला. त्याऐवजी वळणे इतकी तीव्र झाली की त्यांना खास इंजिने लागली. ती इंजिने एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या सल्ल्याने घडली. अरुंद मार्गांचे हे जाणकार बार्शी लाइट रेल्वेचे जनक म्हणून महाराष्ट्राला आधीच परिचित होते. वळणावर चाकांचे आस किंचित सरकू शकतील अशी रचना असलेली चार इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्यातून आली.

कॅलथ्रॉपमधला शेवटचा भाग ‘थॉर्प’ म्हणजे वाडी. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर वसलेल्या डेन लोकांचा हा शब्द. जुम्मापट्टी स्थानकाच्या आसपासच्या ठाकरवाड्यांमधून ज्याची इंजिने शिट्ट्या घालत गेली, त्याच्या आडनावातही एक वाडीच होती. आणि ज्याने रेल्वे बांधली त्या अब्दुल हुसेन यांच्या नावात वडिलांचे आदमजी आणि घराण्याचे पीरभॉय अशा पिढ्या ओळीने उभ्या होत्या. बोरघाटात अ‍ॅडमसन, नेरळच्या डोंगरात आदमजी. एकाच आदिपुरुषाचे नाव अर्धशतकाच्या अंतराने या तालुक्यातल्या दोन लोहमार्गांशी जोडले गेले.

पुढच्या दशकात खाली खोपोलीतही मोठे काम उभे राहिले. टाटांच्या जलविद्युत योजनेचा पायाभरणी समारंभ १९११ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्यास झाला. १९१५ मध्ये लोणावळ्याच्या तलावांचे पाणी नळांतून सुमारे १,७०० फूट खाली खोपोलीच्या वीजघरात कोसळले आणि मुंबईच्या गिरण्या त्यावर चालू लागल्या. क्लार्क म्हणजे लिहिता-वाचता येणारा, दप्तर सांभाळणारा माणूस. नाना फडणवीसांच्या तलावाच्या गावी हे आडनाव अनोळखी वाटायचे कारण नाही.

विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकात माथेरानने स्वातंत्र्यलढ्याला आपला सर्वांत थोर सुपुत्र दिला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, सर्वांचे भाई कोतवाल, १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मले. शिकून वकील झाले. माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. दुष्काळी दिवसांत शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्याच्या कोठ्या काढल्या, आदिवासी आणि शेतकरी मुलांसाठी गावोगाव शाळा चालवल्या. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले आणि कर्जत-मुरबाडच्या रानात त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभा केला. मुंबईला वीज नेणारे मनोरे या दस्त्याने पाडले. गिरण्यांचा आणि रेल्वेचा पुरवठा तुटला. सरकारने त्यांच्यावर इनाम लावले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठले. दस्त्यातले हिराजी पाटील पडले. जखमी भाईंना पोलीस अधिकारी हॉल याने जवळून गोळी घातली.

कोतवाल म्हणजे कोटाचा, नगराचा रक्षक. पाटील म्हणजे गावचा कारभारी. हॉल म्हणजे जमीनदाराच्या वाड्यावरचा किंवा वाड्याजवळ राहणारा. सिद्धगडावर त्या पहाटे समोरासमोर आलेल्या या आडनावांच्या अर्थांनाही एक वजन आहे, आणि कर्जत-नेरळ भागात २ जानेवारीला माणसे जमतात ती कोतवाल-पाटील या दोन आडनावांसाठी. माथेरानच्या कड्यांना ज्यांची नावे आहेत त्या सर्व साहेबांहून या डोंगराचा रक्षक म्हणून भाईंचे नाव मोठे आहे.

स्वातंत्र्यानंतर रेल्वे मध्य रेल्वेच्या कारभारात आली, वाफेची जागा डिझेलने घेतली, १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. बंगल्यांची हॉटेले झाली. मुंबईचा मध्यमवर्ग, शाळांच्या सहली, नवविवाहित जोडपी येऊ लागली. मोटार मात्र दस्तुरी नाक्याच्या पुढे आली नाही. पुढचे अंतर पायी, घोड्यावर, हातरिक्षाने किंवा अमन लॉज स्थानकापासून छोट्या गाडीने कापायचे. या एका निर्बंधाने माथेरानचे माथेरानपण राखले. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि परिसराचे २१४.७३ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केले. नेरळ-माथेरान रेल्वे जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली.

अडचणीही थोड्या आल्या नाहीत. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत रेल्वेमार्ग वाहून गेला. तो पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडले. मे २०१६ मध्ये डबे घसरल्याने वाहतूक थांबवण्यात आली आणि टप्प्याटप्प्याने २०१८ पर्यंत पूर्ववत झाली. २०१९ च्या पावसाने पुन्हा मार्ग उखडला, त्यात साथीचे वर्ष आले. नेरळपासूनची पूर्ण सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये परत सुरू झाली. प्रत्येक वेळी दरडी उपसणारे, संरक्षक जाळ्या बसवणारे, रूळ पुन्हा बसवणारे गँगमन याच तालुक्यातल्या वाड्यांमधून आले. पर्यटक नसलेल्या त्या महिन्यांत घोडेवाले, हमाल आणि रिक्षावाले यांनी जे सोसले त्याची नोंद कोणत्याही अहवालात पुरेशी नाही.

हातरिक्षा हा माथेरानच्या वाटचालीतला सर्वांत कष्टाचा व्यवसाय. तांबड्या चढावर माणसाने माणसाला ओढायचे आणि उतारावर पूर्ण वजन छातीवर झेलायचे. याविरुद्ध दाद मागत रिक्षाचालकच न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. शाळेत जाणाऱ्या मुलांना आणि वृद्धांना तो प्रथम उपयोगी पडला. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, आणि ई-रिक्षा खऱ्याखुऱ्या रिक्षाचालकांनाच मिळाव्यात, उरल्या तर आदिवासी महिला आणि इतर गरजूंचा विचार व्हावा, असे सांगितले. ते खरेखुरे रिक्षाचालक कोण, हे ठरवण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवले गेले. १८५० मध्ये एका जिल्हाधिकाऱ्याच्या आडनावाने ज्याची नोंद सुरू झाली, त्या डोंगरावर जिल्हाधिकाऱ्यांच्याच यादीत रिक्षा ओढणाऱ्यांची आडनावे एकेक करून लिहिली जायची होती, आणि या यादीतल्या माणसांनी पुढे स्वतःच्या ई-रिक्षांच्या मागे स्वतःचे आडनाव रंगवून दस्तुरी नाक्यावर उभे राहावे.